लिलाव जिंकून माघार घेणारा खरेदीदार: विक्रेत्याने टप्प्याटप्प्याने काय करावे

रविवारी रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपच्या गटावरील लिलाव बंद होतो. लॉट, म्हणजे लिलावात ठेवलेली वस्तू, असतो १९११ सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि त्यामुळे पुढच्या वर्षी साचा बदलावा लागला, तोच हा रुपया. आधार किंमत २,००० रुपये असते आणि शेवटची बोली ५,१०० वर थांबते. सोमवारी सकाळी विक्रेता टपालखर्चासह हिशेब पाठवतो. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. बुधवारी निरोप येतो: ‘सर, घरी थोडी अडचण आहे, या वेळी राहू द्या.’

मी नाणी अशाच एका गटावर विकतो आणि टपाल तिकिटे ईबे या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावर ठेवतो. असा निरोप मला अनेकदा आला आहे, आणि पहिल्या काही वेळी मी तो चुकीच्या पद्धतीने हाताळला. एकदा रागाने गटावरच लिहिले, तर एकदा संकोचाने तीन आठवडे वाट पाहिली. त्या काळात ज्याला ते नाणे मनापासून हवे होते, त्याने दुसरीकडे खरेदी उरकली. त्यानंतर जी पद्धत बसवली आणि जी आजही पाळतो, ती येथे क्रमाने मांडतो. उदाहरणे नाण्यांची असली तरी जुनी पुस्तके, कॅमेरे, घड्याळे किंवा चित्रे लिलावाने विकणाऱ्यांनाही ती लागू पडेल.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे लिलावाच्या विक्रीचा नियम वस्तुविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ६४ मध्ये आहे. हातोडा पडून किंवा त्या ठिकाणच्या रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होते, त्या क्षणी ती पूर्ण होते. आणि तोपर्यंत कोणत्याही बोलीदाराला आपली बोली मागे घेता येते. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणणारा माणूस गटावर नसतो. तेथे ठरलेली वेळ संपल्यावर ॲडमिन विजेता जाहीर करतो आणि ती घोषणाच हातोड्याची जागा घेते. म्हणून ही घोषणा टाळू नये आणि ती मोघमही ठेवू नये. ‘लॉट १४, ५,१०० रुपये, विजेता अमुक, लिलाव संपला’ एवढे एक वाक्य वेळेवर पडले, तर पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत. घोषणेपूर्वी बोली मागे घेणारा आणि घोषणेनंतर पैसे न देणारा यांना एकाच मापाने मोजू नये. पहिला गटाच्या शिस्तीचा प्रश्न आहे, दुसऱ्याने करार मोडलेला असतो.

व्यवहार फोनवर झाला, सहीचा कागद कोठेही नाही, म्हणून करारच झाला नाही, असा युक्तिवाद काही खरेदीदार करतात. तो टिकत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये नंतर घातलेल्या कलम १०क नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला या कारणावरून करार निष्फळ ठरत नाही. मात्र बोली लावणारा अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्याशी करारच होऊ शकत नाही. वडिलांच्या फोनवरून मुलाने बोली लावली असे कळले, तर तेथेच विषय संपवावा आणि पुढच्या कारवाईचा विचारही करू नये.

पायरी पहिली: अटी बोली उघडण्यापूर्वी लिहाव्यात

माघारीवरचा सर्वांत मोठा उपाय लिलावाच्या आधी करावयाचा असतो. प्रत्येक लॉटच्या छायाचित्राखाली, गटाच्या सर्वसाधारण नियमांवर विसंबून न राहता, आपल्या अटी पुन्हा लिहाव्यात. मी लिहितो तो मजकूर असा:

‘आधार किंमत २,००० रुपये, चढ १०० रुपयांचा. लिलाव रविवारी रात्री १० वाजता बंद होईल. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आल्यास वेळ पाच मिनिटांनी वाढेल. टपालखर्च वेगळा. विजेत्याने ४८ तासांत पूर्ण रक्कम द्यावी; अडचण असल्यास त्याच मुदतीत कळवावे. मुदतीत रक्कम न आल्यास ही वस्तू पुन्हा विकण्याचा अधिकार विक्रेत्याने राखून ठेवला आहे. नाण्याच्या दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे सोबत आहेत; वजन ११.६ ग्रॅम. शंका असल्यास बोली लावण्यापूर्वी विचारावी.’

यातील ‘पुन्हा विकण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ हे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ५४ नुसार पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला वस्तू दुसऱ्याला विकता येते. पण असा अधिकार करारात राखून ठेवलेला नसेल आणि वस्तू नाशवंत नसेल, तर आधी खरेदीदाराला फेरविक्रीची सूचना देऊन वाजवी मुदत द्यावी लागते. सूचना न देता विकले, तर तोट्याची भरपाई मागता येत नाही, उलट जास्त किंमत आल्यास त्या नफ्यावर मूळ खरेदीदार हक्क सांगू शकतो. अटींत हे एक वाक्य आधीपासून असले, तर विक्रेत्याचे हात बांधले जात नाहीत. सूचना मी तरीही देतोच, त्याचे कारण पुढे येईल.

वजन, कडेची छायाचित्रे, झीज, जुना टाका (डाख दिल्याची खूण) किंवा साफसफाईच्या खुणा हे सर्व आधी सांगावे. त्याने विक्री कमी होईल ही भीती अनाठायी आहे. लिलाव संपल्यावर एखादा जाणकार मित्र खरेदीदाराला ‘कडेला टाका दिसतो’ असे सांगतो आणि तो मागे फिरतो. अशा माघारीत दोष विक्रेत्याचाच असतो, आणि तो प्रामाणिकपणे मान्य करावा लागतो.

मोठ्या रकमेच्या लॉटसाठी इसार घ्यावा. जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे इसारपावतीशिवाय कोणी पुढे जात नाही, पण वीस हजारांच्या नाण्यासाठी मात्र अनोळखी माणसाने संदेशात पाठवलेल्या एका अंगठ्याच्या चिन्हावर विश्वास ठेवला जातो. माझा नियम असा आहे की दहा हजारांवरच्या लॉटवर, ज्याच्याशी पूर्वी एकही व्यवहार झालेला नाही अशा बोलीदाराकडून आधार किंमतीच्या दहा टक्के रक्कम बोलीपूर्वी घ्यावी, आणि जिंकला नाही तर त्याच रात्री परत करावी. रात्री उशीर झाला म्हणून सकाळपर्यंतही ती ठेवू नये. जिंकून माघार घेतली तर इसार जप्त होईल असे लिहिलेले असले, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७४ चा रोख वाजवी भरपाईवर आहे. त्यामुळे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरती रक्कम ठेवून उरलेली परत करणे मला योग्य वाटते. जुन्या, भरवशाच्या संग्राहकांकडे इसार मागू नये. त्यांना ते अपमानास्पद वाटते, आणि त्यांचे वाटणे बरोबर आहे.

आणखी एक खबरदारी परदेशी बोलीदारांबद्दल. पुराणवस्तू व कला संपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुराणवस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई, पेशवाईतील अंकुशी रुपया किंवा वरचा १९११ चा रुपया यांवर दुबईतून किंवा लंडनमधून बोली आली आणि ती जिंकली, तर करार आपल्यालाच मोडावा लागेल. म्हणून अशा लॉटखाली ‘फक्त भारतातील पत्त्यावर’ असे स्पष्ट लिहावे. परदेशातील मराठी संग्राहक पुष्कळदा येथील नातेवाइकाचा पत्ता देतात. ते चालते, पण वस्तू बाहेर नेण्यासाठी ही पळवाट वापरता येणार नाही, हे त्यांनाही सांगावे.

पायरी दुसरी: पहिल्या चोवीस तासांत हिशेब पाठवावा

बोलीचा उत्साह रात्रीचा असतो आणि तो सकाळी ओसरतो. म्हणून घोषणा झाल्यावर तासाभरात, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, विजेत्याला स्वतंत्र संदेश पाठवावा. त्यात लॉटचा क्रमांक, बोलीची रक्कम, टपालखर्च, एकूण रक्कम, यूपीआय किंवा खात्याचा तपशील आणि पैसे देण्याची शेवटची तारीख व वेळ असावी. ‘लवकर द्या’ असे लिहू नये, ‘मंगळवारी रात्री १० पर्यंत’ असे लिहावे. शेवटी पत्ता मागावा. पत्ता पाठवणारा माणूस बहुधा पैसेही पाठवतो, असा माझा अनुभव आहे. पत्ता टाळणारा बहुधा विचारात पडलेला असतो.

त्याच वेळी नोंद सुरू करावी. बोलींचा क्रम दिसेल असे स्क्रीनशॉट, ज्यांत तारीख, वेळ आणि बोलीदाराचा क्रमांक स्पष्ट असेल, आणि त्या संभाषणाची निर्यात केलेली प्रत वेगळ्या ठिकाणी साठवावी. गटावर किंवा वैयक्तिक संभाषणात आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर ते आधीच बंद करावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून ज्या फोनवर मूळ संभाषण आहे तो फोन वाद मिटेपर्यंत विकू नये किंवा पुसून टाकू नये. न्यायालयात जाण्याची वेळ फार क्वचित येते, पण ही नोंद गटातील वादातही तितकीच उपयोगी पडते.

पायरी तिसरी: माघारीचे कारण ओळखावे

मुदत उलटली आणि पैसे आले नाहीत, तर लगेच आरोप न करता एकदा फोन करावा. संदेशात जे कळत नाही ते आवाजात कळते. माझ्या अनुभवात कारणे चार-पाच प्रकारांतच बसतात, आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

काहींच्या हातात त्या आठवड्यात पैसे नसतात. महिन्याच्या २५ तारखेला लिलाव जिंकणाऱ्या पगारदार माणसाला पाच-सहा दिवस दिले तर तो पैसे देतो आणि कायमचा ग्राहक होतो. त्याला मुदतवाढ द्यावी, पण ती लेखी आणि एकदाच द्यावी. काहींच्या घरात खरोखर आजारपण किंवा मृत्यू झालेला असतो. तेथे एक शब्दही न वाढवता व्यवहार सोडून द्यावा. त्याचा पुरावा मागणे मला कधीच जमलेले नाही आणि कोणी मागावा असेही वाटत नाही.

काहींना वस्तूबद्दल शंका आलेली असते, पण ती बोलून दाखवण्याऐवजी ते ‘अडचण’ सांगतात. अशा वेळी आपण होऊन विचारावे: ‘नाण्याबद्दल काही शंका आहे का? आणखी छायाचित्रे पाठवू का?’ शंका खरी निघाली, वर्णनात चूक सापडली, तर लिलाव आपणच रद्द करावा आणि गटाला तसे सांगावे. शंका निराधार असेल तर हवे ते छायाचित्र, वजनकाट्यावरचा आकडा, शक्य असल्यास पुढच्या नाणे प्रदर्शनात प्रत्यक्ष दाखवण्याची तयारी, एवढे पुरते.

काही जण शेवटच्या मिनिटांच्या चुरशीत स्वतःच्या ऐपतीपलीकडे गेलेले असतात. हे मान्य करण्याची त्यांना लाज वाटते, म्हणून ते फोन उचलत नाहीत. त्यांच्याशी कठोर होण्यापेक्षा सरळ मार्ग दाखवावा: ‘घेणे शक्य नसेल तर आज रात्रीपर्यंत तसे एका ओळीत लिहा, म्हणजे मला दुसऱ्याला विचारता येईल.’ ती एक ओळ विक्रेत्यासाठी फार मोलाची असते. तिने करार मोडल्याची कबुली मिळते आणि वाट पाहणे संपते.

उरले ते, ज्यांना तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली किंवा जे केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावतात. यांची ओळख वारंवारतेवरून पटते. गटात दोन-तीन जुन्या विक्रेत्यांना खासगीत विचारले की चित्र स्पष्ट होते.

पायरी चौथी: शेवटची सूचना द्यावी

फोन उचलला नाही किंवा उत्तर टाळले, तर सूचना लेखी पाठवावी. तिच्यात राग नसावा आणि विनवणीही नसावी. हा नमुना वापरता येईल:

‘नमस्कार. आपण अमुक तारखेच्या लिलावात लॉट १४ ५,१०० रुपयांना घेतला. ठरलेली मुदत मंगळवारी रात्री १० वाजता संपली. शुक्रवारी रात्री १० पर्यंत टपालखर्चासह पूर्ण रक्कम मिळाली नाही, तर मी व्यवहार रद्द झाला असे समजून नाणे अन्यत्र विकीन, आणि कमी किंमत आल्यास फरक मागण्याचा माझा अधिकार राखून ठेवतो. घेणे शक्य नसल्यास तसे आजच कळवावे, ही विनंती.’

अटींत फेरविक्रीचा अधिकार असूनही मी ही सूचना पाठवतो, कारण तिच्यानंतर कोणीही ‘मला न विचारता विकले’ असे म्हणू शकत नाही. शिवाय थकलेल्या व्यवहारांपैकी काही या संदेशानंतरच पूर्ण होतात. सूचनेची मुदत संपली की ती वाढवू नये. शनिवारी सकाळी ‘आपला व्यवहार रद्द झाला आहे’ असा एक संदेश पाठवून तो विषय बंद करावा, आणि मगच पुढच्या बोलीदाराकडे वळावे. पहिल्याशी व्यवहार उघडा असताना दुसऱ्याला वस्तू देऊ केली आणि तेवढ्यात पहिल्याने पैसे पाठवले, तर एकच नाणे दोघांना विकल्याचा दोष आपल्या माथी येतो.

पायरी पाचवी: दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला कोणत्या किंमतीला विचारावे

या पायरीवर बहुतेक विक्रेते घाई करतात, आणि माझ्या मते त्यांची पत येथेच बनते किंवा बिघडते. रूढ पद्धत अशी, की दुसऱ्याची शेवटची बोली ५,००० होती, तर त्याला ५,००० रुपयांना विचारायचे. त्याने स्वतः तेवढे द्यायची तयारी दाखवली होती, म्हणून हे बेकायदा नाही आणि अप्रामाणिकही म्हणता येणार नाही. पण बोलींचा क्रम पुन्हा वाचून पाहावा.

वरच्या लिलावात तिसरा बोलीदार ३,१०० वर थांबला होता. जुन्या संग्राहकाने ३,२०० म्हटले. त्यानंतर गटात नवा आलेला माणूस ३,३०० म्हणाला, संग्राहक ३,४००, नवा ३,५००, आणि असे करत दोघेच ५,१०० पर्यंत गेले. तो नवा माणूस आता गायब आहे. म्हणजे ३,२०० नंतरची प्रत्येक चढण अशा माणसाने घडवली, ज्याच्या बोलीमागे पैसा नव्हता. त्याच्या सगळ्या बोली खोडल्या, तर संग्राहकाला हे नाणे ३,२०० रुपयांनाच मिळाले असते. मग त्याच्याकडून ५,००० घेणे म्हणजे पोकळ बोलीचा भुर्दंड त्याच्यावर टाकणे आहे, आणि तो फायदा आपल्या खिशात जातो.

त्याहून गंभीर बाब संशयाची आहे. पहिल्याने माघार घेतली आणि विक्रेत्याने लगेच दुसऱ्याला वरच्या किंमतीला विचारले, असे दोनदा घडले की लोक एकमेकांना विचारू लागतात, की तो पहिला विक्रेत्याचाच माणूस होता की काय. ही शंका अकारण नसते, कारण असे प्रकार घडतात. वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ६४ नुसार किंमत चढवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोलीचा वापर केला, तर ती विक्री रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो. आपण तसे केलेले नसेल, तरी ते सिद्ध करण्याचे साधन आपल्याजवळ एकच असते: आपण आकारलेली किंमत.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. माघार घेणाऱ्याच्या सर्व बोली वगळून क्रम नव्याने मांडावा, उरलेल्यांत सर्वांत वर कोण आणि किती रुपयांवर जिंकला असता ते काढावे, आणि त्याला तीच किंमत सांगावी. संदेशात कारणही द्यावे: ‘विजेत्याने व्यवहार पूर्ण केला नाही. त्यांच्या बोली वगळता आपली बोली ३,२०० रुपयांवर सर्वोच्च ठरते. त्या किंमतीला आपल्याला हवे असल्यास सोमवारी रात्रीपर्यंत कळवावे. नको असल्यास काहीही हरकत नाही.’ दुसऱ्या बोलीदारावर कोणतेही बंधन नसते, कारण त्याची बोली वरच्या बोलीने मागे पडली तेव्हाच संपली. त्याने नकार दिला, तर तो नकार आभार मानून स्वीकारावा.

यात मला १,९०० रुपयांचा तोटा दिसतो, असे काही सहकारी विक्रेत्यांनी मला सांगितले आहे. तो तोटा माघार घेणाऱ्याने केलेला आहे. दुसऱ्या बोलीदाराकडून तो वसूल करण्याचा मार्ग मला मान्य नाही. नुकसान सोसवत नसेल, तर ५,००० मागण्यापेक्षा कोणालाच न विचारता लॉट नव्याने लिलावात ठेवावा. तेही तितकेच प्रामाणिक आहे. दुसऱ्याने नाकारल्यावर तिसऱ्या, चौथ्याकडे मात्र जाऊ नये. वस्तू दारोदार फिरल्यासारखी होते आणि तिची किंमत आणखी पडते. अशा वेळी तीन-चार आठवडे थांबून, ‘पूर्वीच्या लिलावातील व्यवहार पूर्ण झाला नव्हता’ असे एका ओळीत नमूद करून, त्याच आधार किंमतीला पुन्हा ठेवावी.

ईबेवर विकत असाल तर

भारतातील ईबेचे स्वतंत्र संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाले, पण येथील विक्रेते ईबेच्या परदेशी संकेतस्थळांवरून विक्री करत आले आहेत. समजा, १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या चार गांधी तिकिटांचा संच लिलावात विकला गेला आणि पैसे आले नाहीत. तेथे पद्धत ठरलेली आहे आणि ती बाहेरून वळवता येत नाही. खरेदीदाराला पैसे देण्यासाठी चार दिवस मिळतात. पाचव्या दिवसापासून विक्रेत्याला ऑर्डर रद्द करता येते, आणि ते काम तीस दिवसांच्या आत उरकावे लागते. रद्द करताना कारण निवडावे लागते, आणि चूक होते ती येथेच. ‘खरेदीदाराने पैसे दिले नाहीत’ हेच कारण निवडावे. घाईत ‘वस्तू उपलब्ध नाही’ निवडले, तर तो दोष विक्रेत्याच्या नावावर नोंदला जातो, आणि खरेदीदाराच्या खात्यावर काहीच राहत नाही. योग्य कारण दिले की विक्रीवरचे शुल्क परत जमा होते आणि न दिलेल्या पैशांची नोंद त्याच्या खात्यावर होते. हे आपोआप व्हावे अशी सोयही सेटिंगमध्ये आहे.

खरेदीदाराने जिंकल्यानंतर लगेच रद्द करण्याची विनंती केली, तर ती मान्य करणे न करणे विक्रेत्याच्या हाती असते. मी ती जवळजवळ नेहमी मान्य करतो, कारण मनाविरुद्ध पैसे घेतलेल्या माणसाकडून वस्तू परत येण्याची शक्यता दाट असते, आणि परदेशी टपालाचा खर्च दोनदा सोसण्यापेक्षा ते परवडते. मे २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल नकारात्मक अभिप्राय देता येत नाही, म्हणून चांगल्या शेऱ्याच्या आड टोमणे लिहिण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी त्या नावाला आपल्या लिलावांतून बंदी घालावी, आणि ज्यांच्या खात्यावर पैसे न दिल्याच्या नोंदी आहेत किंवा जेथे आपण माल पाठवत नाही अशा देशांतील खरेदीदारांना बोली लावता येणार नाही, अशी सेटिंग लावून ठेवावी.

दुसऱ्या बोलीदाराला ‘दुसरी संधी’ देण्याची सोय लिलाव संपल्यापासून साठ दिवसांपर्यंत असते, आणि तिची किंमत त्या बोलीदाराची स्वतःची सर्वोच्च बोली असते. मी वर सांगितलेला हिशेब तेथे बसत नाही. म्हणून क्रमात माघार घेणाऱ्यानेच भाव चढवल्याचे स्पष्ट दिसत असेल, तर मी ही सोय न वापरता संच पुन्हा लिलावात ठेवतो.

पैसे आल्यानंतरची माघार

पैसे मिळाले, पण वस्तू अजून टपालात पडली नाही, आणि खरेदीदार नको म्हणतो, तेव्हा बहुधा परत करणेच शहाणपणाचे असते. त्यात एक नियम कधीही मोडू नये: पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवावेत. ‘माझे ते खाते बंद आहे, या दुसऱ्या क्रमांकावर पाठवा’ असे कोणी म्हणाले, तर थांबावे, कारण आलेला पैसा तिसऱ्याच माणसाचा असण्याची आणि त्याची तक्रार आपल्या खात्यावर येण्याची शक्यता असते. तसेच ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ असे सांगणाऱ्याच्या स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता बँकेच्या खात्यात रक्कम खरोखर जमा झाली आहे का ते पाहावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे ‘मिळवायला’ सांगणारा खरेदीदार नसतो. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

वस्तू पाठवल्यानंतरच्या माघारीत, वर्णन अचूक असेल, तर परत घेण्याचे बंधन मी मानत नाही. घेतली तर येण्या-जाण्याचा टपालखर्च खरेदीदाराने सोसावा आणि नाणे हातात आल्यावर, वजन करून, मूळ छायाचित्रांशी पडताळूनच पैसे द्यावेत. पैसे येण्यापूर्वी वस्तू पाठवण्याची चूक मात्र ओळखीच्या माणसासाठीही करू नये.

वसुली करावी का, आणि गटाला काय सांगावे

कायद्याने फरक मागता येतो. ५,१०० ला गेलेले नाणे सूचना देऊन ३,२०० ला विकले, तर १,९०० रुपये आणि फेरविक्रीचा वाजवी खर्च एवढी भरपाई मागण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे, आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. परंतु एवढ्या रकमेसाठी वकिलाची नोटीस आणि न्यायालयाच्या तारखा परवडत नाहीत. रक्कम लाखाच्या घरात असेल, नोंद पक्की असेल आणि खरेदीदाराचा खरा पत्ता माहीत असेल, तरच वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्राहक आयोगाकडे जाता येईल असे काहींना वाटते. तो मार्ग ग्राहकासाठी आहे, विक्रेत्याला खरेदीदाराविरुद्ध तो वापरता येत नाही.

माघार घेणाऱ्याचे नाव, फोन क्रमांक किंवा पत्ता गटावर टाकू नये. मी एकदा नाव टाकले होते. दोन दिवसांनी कळले, की त्याचे वडील रुग्णालयात होते. मी माफी मागितली, पण लिहिलेले शंभर जणांनी वाचलेले होते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीची तक्रार होऊ शकते, हे वेगळेच. गटावर फक्त ‘लॉट १४ चा व्यवहार पूर्ण झाला नाही’ एवढे सांगावे. तपशील आणि स्क्रीनशॉट ॲडमिनला खासगीत द्यावेत आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. ॲडमिननेही ठरावीक नियम ठेवावा: पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी पुढचे काही लिलाव फक्त इसार भरून, तिसऱ्या वेळी गटाबाहेर. हा नियम गटातील जुन्या आणि वजनदार सदस्यांनाही सारखाच लागू व्हायला हवा, नाहीतर नवखे विक्रेते दुसरा गट शोधतात.

या सगळ्याची नोंद मी एका वहीत ठेवतो: तारीख, लॉट, रक्कम, सांगितलेले कारण, सूचना कधी दिली, शेवटी काय झाले. एका बोलीदाराचे नाव त्या वहीत दोनदा आले होते. वर्षभराने त्याने आपण होऊन इसार पाठवला आणि दुदांडी प्रकारची एक शिवराई जिंकली. पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी आले, मी नाणे त्याच दुपारी स्पीड पोस्टाने पाठवले, आणि त्याच्या नावापुढे ‘यापुढे इसार नको’ असे लिहिले.